सतरा तारखेचं बटण

इलेनियाला मार्क कमी पडले, याबद्दल दक्षिण इटलीतल्या पोतेन्झा गावच्या त्या इमारतीत कोणाचंच दुमत नव्हतं. मतभेद होते ते कमी म्हणजे किती कमी, एवढ्यापुरतेच. वडील फेदेले पेत्राल्या म्हणत, "सरासरीच्या जरासे खाली." आई रोझाल्बा म्हणे, "पेपरच वाईट काढला होता." वरच्या मजल्यावरचे निवृत्त औषधविक्रेते दोत्तोर तेलेस्का यांनी तर चष्मा लावून निकालाचा कागद उजेडाला धरून पाहिला आणि आपल्या जुन्या दुकानी आवाजात निदान केलं, "सिन्योर फेदेले, ह्याला औषध नाही."

शाळेच्या शेवटच्या परीक्षेत शंभरापैकी अडुसष्ट, आणि मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत अख्ख्या इटलीच्या सरासरीच्या खाली. एवढ्या भांडवलावर मुलगी डॉक्टर व्हायला निघाली होती. तिने स्वतः कधी सारवासारव केली नाही. "फिजिक्समध्ये माती खाल्ली," असं ती सरळ सांगायची आणि पुढ्यातला पास्ता संपवायची. फक्त एकदा ती न्हाणीघरात नळ सोडून रडली. पण त्या इमारतीचे नळ असे आहेत, की एका घरात पाणी सोडलं की वरखालच्या सगळ्या घरांत भिंती घुमतात. त्यामुळे ते रडणं सगळ्यांना कळलं आणि सगळ्यांनीच ते कळलं नसल्याचं सोंग केलं.

इमारतीला खरं तर निकालाच्या कागदाशी काही कर्तव्य नव्हतं. इमारतीला इलेनियाचा हात ठाऊक होता. पोतेन्झात प्रत्येक जिन्यावर इंजेक्शनं देणारी एक बाई असतेच. ह्या जिन्यावर पूर्वी एक विधवा होती. ती गेल्यावर हे खातं आपसूक इलेनियाकडे आलं, तेव्हा ती शाळेतच होती. सुई टोचायच्या आधी ती विचारायची, "मावशी, तुमच्या सॉसमध्ये कांदा असतो का हो?" समोरची बाई कांद्याबद्दलची आपली मतं मांडेपर्यंत काम होऊन कापूसही लागलेला असे. पहिल्या मजल्यावरच्या दोन्ना मिकेलिना, वय वर्षं त्र्याऐंशी, दुसऱ्या कोणाकडून टोचून घ्यायला तयार नसत. दवाखान्यातली नर्स टोचत नाही, सूड उगवते, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता ह्या खेपेला प्रवेश झाला नाही तर काय, हेही ठरलेलं होतं. रोझाल्बाच्या भावाची ड्रायव्हिंग स्कूल होती. जानेवारीपासून इलेनियाने तिथल्या खिडकीत बसून पावत्या फाडायच्या. मामा माणूस सोन्यासारखा. त्याने खुर्चीवर नवी गादीसुद्धा शिवून घेतली होती. इलेनिया वडिलांना एकदाच म्हणाली, "पप्पा, मी त्या खिडकीत बसून म्हातारी होईन." फेदेले जमिनींच्या नोंदणी कार्यालयात उभा जन्म खिडकीत बसला होता. त्याला ते वाक्य जिव्हारी लागलं.

आशेला एकच जागा होती. यादी सरकते. म्हणजे असं, की वरचे लोक गळतात. कोणी दंतवैद्यकाला जातो, कोणी परदेशी, कोणी प्रेमात पडून भलतंच काही करतो, आणि तेवढे खालचे वर चढतात. यादी पुन्हा पुन्हा लागते, आणि दर वेळी ज्याला अजून इच्छा आहे त्याने मुदतीच्या आत सरकारी वेबसाइटवर जाऊन एक बटण दाबायचं असतं. नाही दाबलं की नाव गेलं, कायमचं. इलेनिया बटण दाबत होती आणि मुंगीच्या पावलांनी वर सरकत होती. ती तशीच सरकत राहिली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण फेदेलेने मनावर घेतलं, की यादी आपणच सरकवायची.

सर्वांत आधी घरात त्या विषयाचं नाव घेणं बंद झालं. बोलून दाखवलेली गोष्ट होत नाही, हे फेदेलेच्या आईने त्याला दुधाबरोबर पाजलं होतं. त्यामुळे मेडिकल, डॉक्टर, विद्यापीठ हे सगळे शब्द हद्दपार होऊन त्या जागी "ती गोष्ट" आली. रोझाल्बाच्या बहिणीने हौसेने पांढरा कोट आणून दिला तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं झालं. आधीच कोट? तो त्याच संध्याकाळी तळमजल्यावरच्या चीजवाल्याला देऊन टाकला. तो आता तोच घालून चीज कापतो आणि गिऱ्हाइकं त्याला दोत्तोरे, म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणतात.

मग वशिला. तेलेस्कांच्या मेहुण्याच्या ओळखीचा एक शिपाई रोममध्ये होता, तो एका साहेबांची फाइल उचलायचा. "वशिला म्हणू नका," तेलेस्का म्हणाले. "नुसतं आपलं अस्तित्व त्यांच्या कानावर घालायचं." अस्तित्व कानावर घालण्यासाठी सोबत एक अख्खं कॅचोकावाल्लो चीज पाठवलं गेलं, ते दोरीला टांगून मेहुण्याने आगगाडीतून नेलं आणि सगळा डबा नाकाला रुमाल लावून बसला. आठवड्याने निरोप आला, की यादी कॉम्प्युटर करतो आणि कॉम्प्युटरला चीज चालत नाही. चीज मात्र परत आलं नाही. फेदेलेला चीज गेल्याचं दुःख नव्हतं. आपला वशिला एका शिपायापर्यंतच पोचतो, हे इमारतीला कळलं, याचं होतं.

खरी शोभा झाली ती नोटरी साबियांच्या घरी. यादीत नावं नसतात, नुसते आकडे असतात. पण पोतेन्झात आकड्यांनाही चेहरे असतात. न्हाव्याकडून फेदेलेला कळलं, की इलेनियाच्या लगेच वर जो आकडा आहे तो नोटरींचा मुलगा एउजेनियो, आणि त्या मुलाचा जीव मोटरसायकलींत आहे. मेडिकलला त्याला बापाने बसवलंय. फेदेलेच्या अंगावर रोमांच उभे राहिले. हा एक जरी बाजूला झाला, तरी सुरुवात तर झाली.

संध्याकाळी व्हिया प्रेतोरिया ह्या मुख्य रस्त्यावर अख्खं गाव खालून वर आणि वरून खाली चालतं. तिथे फेदेलेने नोटरींना गाठलं आणि त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवलं. मुद्द्याचं बोलायचं, पण त्या गोष्टीचं नाव तर घ्यायचं नाही.

"आपला एउजेनियो फार गुणी मुलगा," तो म्हणाला.

"आहेच," नोटरी म्हणाले.

"आमची इलेनियाही वाईट नाही."

"ऐकून आहे."

"आता तुमच्यापासून काय लपवायचं? आमच्या इलेनियाचं सगळं आयुष्य तुमच्या एउजेनियोच्या हातात आहे. त्याने मनावर घेतलं, एक शब्द दिला, की मुलीचं सोनं होईल."

नोटरी थांबले. त्यांच्यामागे चालणारी दोन कुटुंबंही थांबली. नोटरींनी हॅट काढली, पुन्हा घातली, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सिन्योर पेत्राल्या, असले विषय रस्त्यात काढत नसतात. रविवारी घरी या. सहकुटुंब."

फेदेले तरंगतच घरी आला. इलेनिया असल्या भेटीला कधीच आली नसती, म्हणून त्याने तिला सांगितलं, की नोटरीणबाईंना इंजेक्शन द्यायचंय. हे त्याला फार चलाख वाटलं होतं, हे पुढचं समजण्यासाठी लक्षात ठेवलं पाहिजे.

रविवारी नोटरींच्या दिवाणखान्यात चांदीचा ट्रे, क्रीम भरलेले केक, नोटरीणबाईंच्या गळ्यात मोत्यांचा सर, आणि कोपऱ्यात टाय घातलेला एउजेनियो, घामाने डबडबलेला. बाईंनी इलेनियाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "मुली, तुला घरकामाची आवड आहे ना?"

"आहे की," इलेनिया म्हणाली. तिने पर्समधून डबी काढली, सुई उजेडात धरली आणि म्हणाली, "चला, आत जाऊन पालथ्या पडता का? तुमच्या सॉसमध्ये कांदा असतो का हो?"

पुढची दहा मिनिटं कोण काय बोललं याचा फेदेलेला नीट पत्ता लागला नाही. एवढं आठवतं, की नोटरी "हे स्थळ म्हणायचं की काय?" असं दोनदा म्हणाले, रोझाल्बाने केक खाली ठेवला, आणि एउजेनियो पहिल्यांदाच हसला. शेवटी फेदेलेला खरं सांगावं लागलं. ते ऐकून नोटरी लाल झाले. "म्हणजे माझ्या मुलाने माघार घ्यावी म्हणून आलात तुम्ही? आता तर तो डॉक्टर होणारच. त्याची इच्छा असो नसो." जो मुलगा आपसूक गळणार होता, त्याला आता बाप स्वतः शेजारी बसून बटण दाबायला लावू लागला. यादी सरकवण्याच्या नादात फेदेलेने ती चांगली खिळवून ठेवली होती.

परतताना इलेनिया जिन्यापर्यंत तरातरा पुढे चालत आली. जिन्यात मात्र तिला हसू फुटलं ते थांबेचना. "पप्पा," ती कठड्याला धरून म्हणाली, "मार्क माझे कमी आहेत. तुम्ही कशाला सगळीकडे नाक घासताय? मी बटण दाबीन, झालं तर झालं." तिच्या हसण्याने फेदेलेला आणखीच वाईट वाटलं. रागावली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

आणि मग नोव्हेंबरातली ती शेवटची फेरी आली. इलेनिया आता उंबरठ्यावर होती. ह्या खेपेला यादी थोडी जरी हलली तरी काम होणार होतं. बटण दाबायची मुदत मात्र बुधवारी सुरू होऊन शुक्रवारी दुपारी बाराला संपत होती. रोझाल्बाने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि तिच्या हातातला चमचा खाली पडला. शुक्रवारी सतरा तारीख होती.

शुक्रवार आणि सतरा, इटलीत ह्याहून अशुभ जोडी नाही. ह्या दिवशी फेदेले दाढी करत नाही, सही करत नाही, आणि कार्यालयात खिडकीवर आलेल्या माणसाला काहीतरी कारण काढून सोमवारी बोलावतो. तो माणूसही खुशीने सोमवारी येतो. दोत्तोर तेलेस्का तर त्या दिवशी औषधाच्या दुकानाचं शटर अर्धंच उघडत; पूर्ण उघडलं तर काय आत येईल सांगता येत नाही. पहिल्या मजल्यावरच्या दोन्ना मिकेलिना घराबाहेर पाऊल टाकत नाहीत हे सर्वश्रुत होतं.

"त्यात काय," फेदेले म्हणाला, "गुरुवारी दाबू." बुधवारी दाबायचं नाही हे सर्वानुमते ठरलं, पहिल्याच दिवशी दाबलं तर अधाशीपणा दिसतो, असं रोझाल्बाचं मत पडलं. हा विचार इटलीतल्या प्रत्येक घराने केला असावा. गुरुवारी सकाळी सगळा देश एकदम त्या बटणावर तुटून पडला आणि वेबसाइटने मान टाकली. पडद्यावर एक चक्र गरगर फिरत राहिलं. इलेनिया फोनवर, रोझाल्बा टॅबवर, फेदेले घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर. तीन चक्रं फिरत होती आणि सॉस करपत होता.

"माझं मशीन नवं आहे," तेलेस्का वरून जिन्यात ओरडले. "पासवर्ड सांगा, मी बघतो."

फेदेले जिन्यात आला आणि तोंड वर करून ओरडला, "रोझाल्बा. पहिलं अक्षर मोठं. त्याच्यापुढे लग्नाचं साल, एकोणीसशे नव्व्याण्णव."

"अठ्ठ्याण्णव," आतून रोझाल्बा म्हणाली.

"पासवर्डात नव्व्याण्णव आहे."

"हे आता कळतंय मला."

हे संभाषण चारही मजल्यांनी ऐकलं. त्या संध्याकाळपर्यंत रोझाल्बा फेदेलेशी बोलली नाही आणि वेबसाइट कोणाशीच बोलली नाही.

शुक्रवारी सकाळी, वेबसाइट पहाटेच पुन्हा सुरू झाल्याची बातमी आली. पेत्राल्यांच्या स्वयंपाकघरात सभा भरली. दोन्ना मिकेलिना घराबाहेर पडायच्या नाहीत, म्हणून त्यांच्याखेरीज सगळे आले. तेलेस्का उभेच राहिले. आज परक्या घरच्या खुर्चीवर बसायचं नाही, असा त्यांचा नेम होता.

"विमानांत सतरावी रांग नसते," ते म्हणाले. "विमान कंपन्या मूर्ख आहेत का?"

"मी दाबते आणि मोकळी होते," इलेनिया म्हणाली.

"तू हात लावायचा नाहीस," रोझाल्बाने तिचा हातच धरला. "आज दाबलंस तर आत जाशीलही कदाचित, पण पुढे काय होईल? पहिल्याच दिवशी प्रेताचं पोट फाडताना तुलाच काहीतरी चिकटेल."

फेदेलेने रोमला फोन लावला. बऱ्याच संगीतानंतर एक बाई बोलल्या. मुदत सोमवारपर्यंत वाढेल का, असं त्याने अदबीने विचारलं. "सिन्योर," बाई हळूच म्हणाल्या, "मी स्वतः आज एका कागदावर सही केलेली नाही. पण कॉम्प्युटरला तारखेचं काही वाटत नाही. तो बाराला बंद होणार."

फेदेलेने फोन ठेवला. सगळे त्याच्याकडे बघत होते. घराचा कर्ता होता तो, आणि कर्त्याने निर्णय घ्यायचा असतो. "नाही दाबायचं," तो म्हणाला. "रोमवाले काहीतरी करतीलच. शेवटी तेही माणसंच आहेत." इलेनियाने त्याच्याकडे एकदा पाहिलं. ती आपल्या खोलीत गेली आणि दार लावलं. ते दार आपटलं असतं तरी चाललं असतं. ते अगदी हळू लागलं.

फेदेले कार्यालयात गेला. खिडकीवर कोणी नव्हतं. सतरा तारखेला जमिनीची नोंद करायला कोण येणार? तो त्या रिकाम्या खिडकीकडे बघत बसला आणि त्याला तिथे इलेनिया दिसू लागली. गादी शिवलेल्या खुर्चीवर, पावत्या फाडणारी, केस पिकलेली. बारा वाजत आले होते. त्याने इकडेतिकडे पाहिलं, कार्यालयाचा कॉम्प्युटर आपल्याकडे वळवला, अपशकुनावर उतारा म्हणून लोखंडाला हात लावतात तसा डाव्या हाताने खोली तापवणारा लोखंडी रेडिएटर घट्ट धरला, आणि त्या चुकलेल्या सालासकट पासवर्ड टाकला. मग भिंतीकडे बघून पुटपुटला, "जे काय व्हायचं ते माझं होऊ दे. पोरीला सोड." आणि दाबलं.

पडद्यावर आलं, "आपली इच्छा यापूर्वीच नोंदवण्यात आली आहे."

फेदेलेला त्यात काही वावगं वाटलं नाही. सरकारी खात्याची भाषा अशीच असते. आपण करू त्या गोष्टी ते आधीच झालेल्या असल्याचं कळवतात. त्याने रेडिएटर सोडला. तो तापलेला होता आणि तळहात चांगलाच भाजला होता, हे त्याला आत्ता कळलं. आणि गंमत म्हणजे त्याला आनंद झाला. सुरुवात झाली. अपशकुन पोरीकडे न जाता बरोबर पत्त्यावर आला होता.

त्या दुपारी फेदेलेइतका सुखी माणूस पोतेन्झात नव्हता. कबुतराने टोपीवर घाण केली, त्याने कबुतराला दुवा दिला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली, तर तो आत शीळ घालत उभा राहिला. घरी पोचला तर रोझाल्बाच्या हातून तेलाची अख्खी बाटली फुटलेली, आणि सांडलेलं तेल म्हणजे तर अनर्थच. पण रोझाल्बा तेल पुसता पुसता गुणगुणत होती. जेवताना इलेनियाचा पेला फुटला आणि बोट कापलं. तिने बोट तोंडात घातलं आणि हसली. आपल्या घराला वेड लागत चाललंय की काय, अशी फेदेलेला पुसटशी शंका आली. पण स्वतःच्याच सुखात तो इतका होता, की त्याने फार चौकशी केली नाही.

पुढच्या आठवड्यात यादी लागली आणि सरकली म्हणजे काय, कोसळली. वरचे इतके आकडे एकदम गायब झाले, की रोमने तीनदा तपासून पाहिलं म्हणतात. कारण रोमने दिलं नाही. पण पोतेन्झात कारण विचारायची कोणाला गरज पडली नाही. गुरुवारी चक्रच फिरत राहिलेलं, आणि शुक्रवारी सतरा तारीख. घरोघरी कर्ते पुरुष "नाही दाबायचं" म्हणाले होते. नोटरी साबियाही म्हणाले होते, आणि एउजेनियोने आयुष्यात पहिल्यांदाच बापाचं तंतोतंत ऐकलं. तो आता एका गॅरेजात आहे आणि फार आनंदात आहे.

इलेनियाला जागा मिळाली. मिळाली ती ऊदिनेला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे सॉसपेक्षा लोणी जास्त खातात. पण मिळाली. तिने फोन टेबलावर ठेवला आणि "मी डॉक्टर होणार," असं घरात बंदी असलेला शब्द उच्चारून मोठ्याने म्हणाली. मग तिघंही एकमेकांच्या गळ्यात पडून एवढी रडली, की ह्या खेपेला नळ सोडायचं भान कोणालाच राहिलं नाही.

डोळे पुसून झाल्यावर फेदेलेला आपला पराक्रम सांगायचा मोह आवरेना. त्याने भाजलेला तळहात पुढे केला. "शुक्रवारी बटण मी दाबलं," तो म्हणाला. "सतरा तारखेला. सगळं माझ्यावर घेऊन."

रोझाल्बाने तो तळहात बाजूला सारला. "तू कसा दाबशील, फेदे? मी दाबलं. तू कार्यालयात गेल्यावर. सगळं माझ्यावर येऊ दे म्हटलं आणि दाबलं. तेलाची बाटली फुटली तेव्हा जीव भांड्यात पडला."

"मम्मा," इलेनिया म्हणाली, "तुमची सभा उठल्यावर दार लावलं आणि लगेच दाबलं मी. तुम्हाला कळलं असतं तर काळजीने मेला असता दोघं, म्हणून बोलले नाही."

"म्हणजे पहिल्यांदा तू," फेदेले म्हणाला. त्याचा आवाज जरा उतरला होता.

"नाही ना. तिथे आलं, यापूर्वीच नोंद झाली आहे. मला वाटलं, पप्पा, तुम्हीच."

 तेवढ्यात जिन्यात काठीचा आवाज आला. दोन्ना मिकेलिना वर येत होत्या, आणि त्यांना धरून वरच्या मजल्यावरचे तेलेस्का. बातमी भिंतींनी केव्हाच खाली पोचवली होती. दोन्नांनी आत येऊन इलेनियाच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, आणि टेबलावरची चर्चा काय चाललीय ते ऐकून घेतलं.

"दोत्तोरे," त्या तेलेस्कांना म्हणाल्या, "सांगा आता."

तेलेस्कांनी घसा साफ केला. "मी फक्त अक्षरं टाईप केली," ते म्हणाले. "पहाटे ह्यांनी माझं दार ठोठावलं. पासवर्ड ह्यांना पाठ होता, तुमच्या कृपेने. बटणापाशी आलो तेव्हा मी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि डोळे मिटले. दाबलं ह्यांनी. माझ्याकडे बोट दाखवायला जागा नाही."

"शुक्रवारी? सतरा तारखेला? तुम्ही घराबाहेर पडलात?" रोझाल्बाने खुर्चीचा आधार घेतला. "दोन्ना, अहो, तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?"

"मला काय व्हायचं राहिलंय?" मिकेलिना म्हणाल्या. "नवरा गेला, दात गेले, मुलगा ऑस्ट्रेलियात बसलाय. सतरा तारखेला जेवढं वाईट ठाऊक आहे तेवढं सगळं तिचं माझ्यावर करून झालंय. मी म्हटलं, ही बाकीची सगळी तरणीताठी माणसं आहेत, घाबरणारच. मीच जाते."

 फेदेले उठला आणि त्याने त्या म्हातारीचा हात आपल्या भाजलेल्या हातात घेतला. तिने तो थोडा वेळ राहू दिला आणि मग सोडवून घेतला, कारण तिला स्वेटरची बाही वर करायची होती.

"चल, डॉक्टरीणबाई," ती इलेनियाला म्हणाली, "माझं ब्लडप्रेशर बघ."

"दोन्ना मिकेलिना," इलेनिया डोळे पुसत हसली, "अजून कुठली मी डॉक्टर? सहा वर्षं शिकायचंय मला."

मिकेलिनांनी खोलीभर नजर फिरवली, त्यातल्या त्यात मऊ खुर्ची निवडली, काठी भिंतीला टेकवली आणि नीट ऐसपैस बसल्या.

"मग शिकून ये," त्या म्हणाल्या. "मी आहे इथे."